म्होरच्या जमान्याचं अक्षर

भिंतीसमोर उभं राहिलं की पेंटर आधी डावा डोळा मिटायचे. मग उजव्या हाताची दोन बोटं जोडून भिंतीच्या दिशेनं धरायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "दोन बोटं जाड, दोन बोटं पोकळ." म्हणजे रेघ दोन बोटं जाड, तर अक्षराच्या आतली मोकळी जागाही दोनच बोटं. एवढं ठरलं की सुताला गेरू लावून ओळ मारायला घ्यायचे. तोवर कुणी काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही.

बीडहून वडवणी, तेलगाव, सिरसाळा करत परळीला कधी गेला असाल, तर ती अक्षरं तुम्ही पाहिली आहेत. पाहिली नाहीत असं म्हणूच नका. उसाच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर, डीजेच्या गाडीवर, जिमच्या बोर्डावर, मोबाइलच्या दुकानावर ती असतात. जाड, ठोकळेबाज, कोपरे तिरपे छाटलेले. 'व'चं पोट म्हणजे कंपासनं काढलेला पुरता गोल, 'प' म्हणजे चौकट, आणि वरची रेघ फळीसारखी रुंद. हल्ली ती कम्प्यूटरच्या फॉन्टमधून येतात. मूळची कुणाची, ते सांगायला बसलोय. सांगायला फार उशीर केलाय, हेही आधीच कबूल करून टाकतो.

वडवणीला बसस्टँडजवळ माझं डीटीपीचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. पेंटर तिथून हाकेच्या अंतरावर, बौद्धवस्तीत राहायचे. नाव होतं त्यांना, पण ते रेशनकार्डापुरतं. सगळं गाव पेंटरच म्हणायचं. अंगानं बारीक, शर्टाला कायम चार रंग लागलेले, पण घासलेटनं हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायचे नाहीत. भेटले की "जय भीम, भाऊ" म्हणायचे. मी "राम राम, पेंटर" म्हणायचो. इतकी वर्षं हे असंच चाललं. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, आणि मलाही कधी वेगळं उत्तर सुचलं नाही.

ते अक्षर त्यांना सुचलं ते एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानामुळं. तेव्हा ते ऐन तरुण होते आणि गावात टीव्ही नवीन होता. दुकानदार म्हणाला, नेहमीचं वळणदार अक्षर नको, टीव्ही पुढच्या जमान्याची वस्तू आहे, तर अक्षरही तसलंच पाहिजे. पुढचं पेंटर स्वतःच रंगवून सांगायचे. "आता म्होरचा जमाना काय कुनी बघितलाय व्हय? तीन दिस निसता बसलो. मग म्हनलं, म्होरं समदं यंत्रच करनार. तर यंत्रानं लिहिलं तर कसं लिहील? यंत्राला काय मनगट आस्तंय व्हय? मग काय, कंपास घेतला, पट्टी घेतली, मनगट ठिवलं बाजूला!" असं म्हणून ते मनगट खरंच काढून बाजूला ठेवल्यासारखं करायचे. आम्ही दरवेळी हसायचो.

त्या अक्षराचे त्यांचे कायदे होते. पाटोद्याहून एकजण लग्नाच्या मांडवासाठी पडदा रंगवून घ्यायला आला आणि हटून बसला, हेच अक्षर पाहिजे म्हणून. पेंटर म्हणाले, "लग्नाला न्हाई चालत ह्ये. लोक नवरदेवाला ट्रॅक्टर समजतील." एका डॉक्टरलाही त्यांनी नाही म्हटलं होतं. "दुखणेकऱ्याला कावून वरडून सांगायचं? त्यो आधीच घाबरलेला आस्तोय." बारीक आकारात तर ते मुळीच लिहायचे नाहीत. ते अक्षर बारीक केलं की गुदमरतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते शंभर टक्के खरं आहे. मी फ्लेक्सवाला आहे, मला विचारा.

लिहून झालं की शिडीवरून उतरून ते मागं मागं सरकत जायचे, लांबून बघायला. मागं रस्ता आहे याचं भान नसायचं. एकदा परळीची एसटी करकचून ब्रेक मारून थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून तोंड काढून शिवी घातली. पेंटर मागं न वळताच म्हणाले, "थांब की बे दोन मिन्टं, 'र' वाकडा दिसायलाय." ड्रायव्हरही असा की त्यानं वाकून 'र' बघितला आणि म्हणाला, "न्हाई, बराबर हाय." मग गाडी गेली.

असा माणूस. आणि आता माझं ऐका.

फ्लेक्सचं मशीन आलं तसं रंगाचं काम आटत गेलं. पेंटरनी त्याबद्दल मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. उलट संध्याकाळी येऊन मशीनसमोर बसायचे, कापड कसं सरकतं ते टक लावून बघायचे. मला मात्र एक अडचण होती. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, पेंटर लिहितात तसलं अक्षर द्या. तसला फॉन्ट कुठंच नव्हता. एक दिवस मी पेंटरना म्हणालो, "तुमची सगळी बाराखडी एकदा लिहून द्या. दुकानात लावतो."

दुकानात लावतो! किती सहज बोललो मी.

पेंटर इतके खूश झाले की काय सांगू. आठ दिवस काम बंद ठेवून त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर एकेक अक्षर काढलं. काळ्या रंगात, कंपास-पट्टीनं, काना, मात्रा, वेलांटी, सगळं. सुरळी करून दोरा बांधून आणून दिलं. चहाशिवाय काही घेतलं नाही. "मोठ्या ठिकानी लावा, भाऊ. लांबून दिसू द्या," एवढंच म्हणाले.

मी ती पानं स्कॅन केली आणि कपाटात ठेवून दिली. कुठं लावली, म्हणून पेंटरनी कधी विचारलं नाही. मग बरेच महिने बसून त्यांचा फॉन्ट केला. मेहनत केली, ते खोटं नाही. पण फॉन्ट तयार होताना शेवटी एक रकाना येतो, निर्मात्याचं नाव. त्यात मी माझं नाव टाइप केलं. कुणी डोक्याला बंदूक लावली नव्हती. पेंटरना नंतर सांगू, गंमत करू, असंही तेव्हा मनात होतं. पण डिझायनर लोकांच्या ग्रुपवर टाकल्याबरोबर कुठून कुठून माणसं वाहवा करायला लागली. भविष्यातलं अक्षर, एका खेड्यातल्या पोराची कमाल, असं काय काय लिहून आलं. खेड्यातला पोरगा म्हणजे मी, टक्कल पडलेला! मला ते गोड लागलं. आणि गोड लागल्यावर सांगायचं राहिलं ते राहिलंच.

वर्षभरात ते अक्षर सगळीकडं झालं. गावाला मात्र ते नुसतं कम्प्यूटरचं अक्षर होतं, रकान्यातलं नाव तिथं कुणी बघितलं नव्हतं. पेंटरचे कायदे कुणाला माहीत? लग्नाला वापरलं, बारशाला वापरलं, दवाखान्यांना वापरलं. इकडं रस्ता रुंद झाला तेव्हा रस्त्याकडेची जुनी दुकानं पाडली गेली आणि पेंटरचे जुने बोर्ड भंगारात गेले. टीव्हीचं दुकान तर आधीच बंद पडलं होतं. भिंतींवर दुसरे रंग चढले. ते अक्षर फॉन्टच्या आधी त्यांनीच काढलं होतं, याचा धडधडीत पुरावा आता एकच उरला होता, आणि तो माझ्या कपाटात होता.

मग काही वर्षांनी विहाराची कमान आली.

पेंटरच्या वस्तीत बुद्धविहाराला नवी कमान बांधली होती. त्यावर नाव लिहायचं काम अर्थातच पेंटरचं. त्यांनी मोठ्या हौसेनं पुठ्ठ्यावर नमुना काढून आणला, त्याच अक्षरात. उद्‌घाटनाच्या फ्लेक्सचं विचारायला मलाही बैठकीला बोलावलं होतं. समितीतले एक तरुण गुरुजी होते, शाळेत शिकवणारे, हुशार. त्यांनी नमुना बघितला आणि जरा संकोचूनच म्हणाले, "पेंटर, राग मानू नका, पण हे कम्प्यूटरचं अक्षर आहे. डीजेच्या प्रत्येक गाडीवर हेच असतं. विहाराला नक्कल कशाला? आपल्या हातचं काहीतरी करा की."

पेंटर म्हणाले, "गुरुजी, ह्ये माझ्याच हातचं हाय."

दोघंचौघं हसले. वाईट हेतूनं नाही, आपल्या माणसाला हसतात तसं. एकजण म्हणाला, "मंग काय, कम्प्यूटरला तुमी शिकवलं व्हय, पेंटर?"

पेंटर हसले नाहीत. गुरुजींना बिचाऱ्यांना वाटलं आपण म्हाताऱ्या माणसाला दुखावलं, म्हणून ते माझ्याकडं वळले. "तुम्ही यातले जाणकार. तुम्हीच सांगा, हा फॉन्ट आधीचा की यांचं अक्षर?"

बघा हं. सरळ प्रश्न होता. समोर पंधरा-वीस माणसं बसलेली. एक वाक्य बोलायचं होतं. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? मी म्हणालो, "आता काय सांगावं... सारखंच दिसतंय खरं."

खोटंही धड बोललो नाही. खोटं बोलायलासुद्धा हिंमत लागते.

पेंटरनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्यात. मी सांगेन अशी खात्री होती, आणि ती हळूहळू गेली. मग त्यांनी पुठ्ठा उलटा करून मांडीवर घेतला. म्हणाले, "आसंल मग. बघितलं आसंल मी कुटंतरी कदी. डोळ्यात ऱ्हायलं आसंल. मानसाला काय, समदं आपलंच वाटतंय."

मला चोर म्हणायच्या ऐवजी त्या माणसानं स्वतःवर शंका घेतली. घरी येऊन मी जेवलो नाही, एवढंच माझं प्रायश्चित्त. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

कमानीवर पेंटरनी साधं, गोल वळणाचं अक्षर लिहिलं. छान लिहिलं. नंतरच्या आठवड्यात मी त्यांच्या दारावरून गेलो तर ते स्वतःच्या घराची पाटी रंगवत होते. जुन्या अक्षरावर रंगाचा हात मारून त्यावर साधं नाव लिहिलेलं. मी थांबलो नाही. त्यानंतर त्यांनी ते अक्षर पुन्हा कधी काढलं नाही. कुणी मागितलं तर म्हणायचे, "ते माझं न्हाई. त्या दुकानात मिळतंय, तिकडं जा." त्या दुकानात म्हणजे माझ्या!

एकदाच आले त्यानंतर, दुपारी. "भाऊ, त्ये अक्षर जरा दाखवा की. मोठं करून." मी स्क्रीनवर एकेक अक्षर उघडून दाखवत गेलो. पेंटर डावा डोळा मिटून, दोन बोटं स्क्रीनसमोर धरून प्रत्येक अक्षर मापत होते.

"कुनी क्येलं आसंल ह्ये?" त्यांनी विचारलं.

"असेल कुणी पुण्यामुंबईचा," मी म्हणालो.

"हात चांगला हाय त्याचा." ते पुढं बघत राहिले. 'क्ष' आला तेव्हा थांबले. "ह्यो मातर फसलाय. बाकी समदी एका हाताची हायत, ह्यो त्यानं दुसऱ्याच कुनाकडून करून घ्येतलाय. त्यो भेटला तर सांगा त्याला, गाठ खाली घ्यायला पायजे. वर घेतली की अक्षर लंगडतंय."

त्या पानांवर 'क्ष' काढायचा राहून गेला होता. तो मी केला होता, मनानं.

त्यांना कळलं होतं का? माहीत नाही. माझ्या मनात हा प्रश्न घोळतोच, पण त्याचं उत्तर शोधणं म्हणजे पुन्हा स्वतःचीच सुटका शोधणं आहे. आणि त्या दुपारी पेंटर दुकानातून गेल्यावर मी काय केलं, ते सांगतो, म्हणजे मी कसला माणूस आहे ते तुम्हाला कळेल. मी 'क्ष'ची गाठ खाली घेतली. सुधारलेला फॉन्ट म्हणून ग्रुपवर टाकला. लोकांनी पुन्हा वाहवा केली.

मागच्या उन्हाळ्यात पेंटर गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स करायला त्यांची लेक दुकानात आली. सिरसाळ्याला दिलेली, अंगणवाडीत काम करते. फोटो आणला होता. मी फोटो लावला आणि सवयीनं माझा हात त्याच फॉन्टवर गेला.

"काका, ते अक्षर नको," ती म्हणाली.

"बरोबर," मी म्हणालो. "दुःखाच्या कामाला ते चालत नाही. पेंटरच म्हणायचे."

"त्यासाठी न्हाई. अण्णा म्हनायचे, ते आपलं न्हाई. चुकून दुसऱ्याचं घ्येतलं मी, जन्मभर वापरलं. निदान माझ्या मागं तरी नका वापरू."

मला बसवेना. उठलो, कपाट उघडलं, ती सुरळी काढून तिच्यासमोर सोडली. तिनं एक पान उलटून बघितलं. मागं कॅलेंडर होतं, खताच्या दुकानाचं, तिच्याच घरात कधीकाळी टांगलेलं. तिनं ते ओळखलं. मग मी सगळं सांगितलं. रकान्यातलं नावसुद्धा.

ती बराच वेळ 'व'च्या गोलावरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "तवा सांगितलं कावून न्हाई?"

"लाज वाटली."

"तवा वाटली का आत्ता वाटायली?"

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं पानं नीट गुंडाळली, ओढणीत धरली. "मला सांगून काय व्हनार, काका. जितं गप बसला तितंच बोला. रविवारी समदे येनार हायत, गुरुजी बी हायत. मी मायला सांगते, तुमी बोलनार म्हनून. तिला लई लागलं होतं ते."

मी म्हणालो, "बोलतो. नक्की बोलतो."

रविवारी विहाराच्या अंगणात कार्यक्रम होता. भंतेजींनी वंदना घेतली. पेंटरची बायको पहिल्या ओळीत खुर्चीवर बसली होती, पदर कानामागं सारून. तिला ऐकू कमी येतं. लेक माइकजवळ उभी होती. दोघातिघांची भाषणं झाली आणि माझं नाव पुकारलं. मी कागदावर लिहून नेलं होतं. दहा ओळी. घरी आरशासमोर वाचूनही बघितल्या होत्या.

माइकजवळ गेलो. समोर गुरुजी. मागं बीडचे दोन फ्लेक्सवाले, मुद्दाम आलेले, मला गुरू मानणारे. माझी गिऱ्हाइकं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "पेंटर फार मोठे कलाकार होते. साधे होते. असा माणूस पुन्हा होणे नाही. मी त्यांना आदरांजली वाहतो." आणि खाली येऊन बसलो. कागद खिशातच राहिला.

हो. चारचौघांत दुसऱ्यांदा. माणूस मेल्यावरसुद्धा.

कार्यक्रम संपला, पंगतीची गडबड सुरू झाली. मी मागच्या मागं निघत होतो, तर लेक मायला धरून थेट माझ्यासमोर आली. म्हातारी तिला विचारत होती, आणि कमी ऐकणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं विचारत होती. "काय म्हनले गं ह्ये? मला काईच आयकू न्हाई आलं. अक्षराचं म्हनले का?"

लेकीनं माझ्याकडं बघितलं. ती थांबली. अजूनही मी बोलेन म्हणून थांबली, तेवढा वेळ तिनं मला दिला. आजूबाजूला माणसं होती. मी खाली बघत राहिलो.

मग ती वाकली आणि आईच्या कानाला तोंड लावून म्हणाली, "म्हनले, माय. समद्यांसमोर म्हनले. अक्षर अण्णाचंच हाय म्हनले."

म्हातारीचे डोळे भरून आले. तिनं काठी लेकीच्या हातात दिली, माझ्यासमोर दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "लई उपकार झाले, दादा."

मीही हात जोडले.